कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्कर

कारखाना हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे उंच धुराडी, फिरणारी चाके आणि धगधगणाऱ्या भट्ट्या उभ्या राहतात. परंतु यंत्रे पैसे टाकून विकत आणता येतात; ती जीव लावून चालविणारी माणसे विकत मिळत नाहीत. ती शोधावी लागतात, जोडावी लागतात आणि पुष्कळदा घडवावीही लागतात. ज्यास हे साधले, त्याचाच कारखाना दीर्घकाळ टिकतो. महाराष्ट्रात ज्या थोड्या पुरुषांना ही विद्या उत्तम साधली होती, त्यांमध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी गुर्लहोसूर या खेड्यात झाला. हे गाव आज कर्नाटक राज्यातील बेळगाव जिल्ह्यात आहे. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावी जन्मले. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी होते. आपल्या मुलाने शाळेत शिकून नाव मिळवावे, अशी त्यांची इच्छा असणे स्वाभाविक होते. पण लक्ष्मणाचे चित्त पाठांतरात रमत नसे. चित्रे काढणे आणि एखादे यंत्र दिसल्यास ते कसे चालते हे न्याहाळणे, या दोन गोष्टींत तो तासन्‌तास रंगून जाई. धाकट्या भावाची ही ओढ वडील बंधू रामूअण्णा यांनी ओळखली. वडिलांचे मन या गोष्टीस अनुकूल नसताही रामूअण्णा त्याच्या पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली लक्ष्मणराव चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे त्यांच्यावर एक विलक्षण संकट ओढवले. त्यांच्या दृष्टीत जन्मतःच एक उणीव होती. काही रंगांमधील भेद त्यांना ओळखता येत नसे. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणावर याहून मोठा आघात कोणता असणार? रंगकामाचा नाद त्यांना सोडावा लागला. दुसरा एखादा निराश होऊन गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी मात्र आपल्याजवळ काय नाही याचा शोक करीत न बसता काय आहे याचा विचार केला. त्यांचा हात सफाईदार होता आणि रेषेवर त्यांचे प्रभुत्व होते. यंत्रांची चित्रे काढण्यास रंग लागत नाहीत. अचूक रेषा आणि अचूक माप लागते. त्यांनी ती विद्या हस्तगत केली आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या संस्थेत ते यंत्रांची रेखाचित्रे काढण्याचा विषय शिकवू लागले.

शिकविता शिकविता ते स्वतःही शिकत होते. संस्थेच्या कर्मशाळेत फावल्या वेळी जाऊन त्यांनी यंत्रे हाताळली, उघडून पाहिली, पुन्हा जोडली. कागदावर यंत्र रेखाटणारा शिक्षक आता यंत्रावर काम करणारा कारागीर होऊ लागला. पुढील आयुष्यात कामगारांशी त्यांचे जे नाते जडले, त्याचे मूळ येथे आहे. कामगाराला काम सांगणाऱ्याने ते काम स्वतःच्या हाताने केलेले असले, म्हणजे त्यात किती श्रम आहेत, किती वेळ लागतो आणि चूक कोठे होते हे त्याला कळते. अशा माणसाच्या शब्दाला कामगारांत आपोआपच मान मिळतो.

१८९७ साली लक्ष्मणरावांच्या जीवनाला कलाटणी मिळाली. संस्थेतील वरच्या जागेवर त्यांचा हक्क होता; पण त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. कामातील योग्यतेपेक्षा जन्म श्रेष्ठ ठरला. लक्ष्मणरावांनी तक्रारींचे अर्ज करण्यात काळ घालविला नाही. त्यांनी चालू नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावला आले. पुढे स्वतःच्या कारखान्यात माणसे नेमताना त्यांनी जी कसोटी लावली, ती याच्या अगदी उलट होती. माणूस कोणाच्या पोटी जन्मला, हे न पाहता तो कोणते काम करू शकेल, हे त्यांनी पाहिले.

बेळगावात त्यांचा एक लहानसा व्यवसाय होताच. मुंबईत असतानाच त्यांनी रामूअण्णांच्या साह्याने तेथे सायकलींचे दुकान काढले होते. त्या काळी सायकल ही मोठी नवलाईची आणि महागाची वस्तू होती. दुकानात सायकली विकल्या जात, त्या चालविण्यास शिकविले जाई आणि मोडल्यास दुरुस्तही केल्या जात. ‘किर्लोस्कर बंधू’ हे नाव असे प्रथम सायकलींच्या निमित्ताने लोकांच्या परिचयाचे झाले. परंतु परदेशातून आलेली वस्तू विकण्यात लक्ष्मणरावांना समाधान नव्हते. आपल्या देशात लागणारी वस्तू आपल्या देशातच निर्माण व्हावी, असे त्यांना वाटे. देशातील बहुसंख्य लोक शेतकरी होते. तेव्हा शेतकऱ्याला उपयोगी पडेल असे काही करावे, या विचाराने त्यांनी गुरांसाठी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि त्यापाठोपाठ लोखंडी नांगर हाती घेतला.

आपल्याकडील जुना लाकडी नांगर जमीन वरवर उकरीत असे. हराळीसारख्या चिवट तणांची खोल मुळे त्याने निघत नसत. लोखंडी नांगराचा फाळ जमिनीत खोल शिरतो आणि त्यामागील वाकडे पान मातीचे तास उलटे करून टाकते. त्यामुळे तळची माती वर येते, तणांची मुळे उघडी पडून उन्हात वाळतात आणि पावसाचे पाणी जमिनीत अधिक मुरते. असे नांगर परदेशातून येत. पण ते थोडे आणि महाग असत. लक्ष्मणरावांनी त्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि आपल्या मातीस व आपल्या बैलांस मानवेल असा नांगर बनविला.

नांगर तयार झाला, पण घेणारा कोणी नव्हता. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर धरलेल्या हातांना हे अवजड अवजार परके वाटे. पहिला नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली! दोन वर्षे एकही नग विकला जाऊ नये आणि तरीही कारखानदाराने आपला हेका सोडू नये, हे सोपे नव्हे. पण लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यांना अडाणी म्हणून हिणविले नाही. ज्याचे सारे वर्ष एका पिकावर अवलंबून असते, तो नव्या वस्तूला बिचकणारच, हे ते जाणून होते. त्यांनी नांगरातील उणिवा दूर केल्या आणि चिकाटीने वाट पाहिली. शेतात नांगर चालू लागला, पीक चांगले आले, तेव्हा जमीन विषारी होण्याची भीती हळूहळू विरून गेली.

व्यवसायास बरे दिवस येत असतानाच आणखी एक आपत्ती कोसळली. गावाची वाढ करण्यासाठी ती जागा हवी असल्याने बेळगावच्या नगरपालिकेने त्यांना कारखाना हलविण्यास सांगितले. उभी यंत्रे, सांधलेली घडी आणि कामाला लागलेली माणसे घेऊन जावे कोठे? या अडचणीच्या वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या साहाय्यास आले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, उद्योगाचे चाहते होते आणि लक्ष्मणरावांची कर्तबगारी त्यांनी जाणली होती. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड या आडबाजूच्या रेल्वे स्थानकाजवळ ३२ एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले.

जमीन मिळाली खरी. पण ती कसली? सर्वत्र निवडुंगाचे रान माजलेले, पाण्याचे दुर्भिक्ष आणि जागोजागी विषारी नागांची वस्ती! १९१० च्या मार्च महिन्यात लक्ष्मणराव तेथे आले. त्यांच्याबरोबर सुमारे २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे होती. या माणसांनी बेळगावसारखे सुखसोयींचे शहर सोडून या ओसाड माळावर का यावे? मजुरी तर त्यांना अन्यत्रही मिळाली असती. परंतु हा माणूस आपल्याला वाऱ्यावर सोडणार नाही, अशी त्यांची खात्री होती. लक्ष्मणराव स्वतः बायकामुलांसह त्याच माळावर राहावयास आले होते. जी गैरसोय कामगारांच्या वाट्याला, तीच मालकाच्या वाट्याला. त्यांच्या पत्नी राधाबाई यांनीही हे कष्टाचे जीवन आनंदाने पत्करले. निवडुंग तोडले गेले, साप मारले गेले, कारखान्याची छपरे उभी राहिली आणि राहती घरे बांधली गेली. त्या माळाचे गाव झाले. तेच किर्लोस्करवाडी. आज ते सांगली जिल्ह्यात आहे.

लोखंडी नांगर तयार होताना एकाच माणसाचा हात लागून भागत नाही. प्रथम कसबी सुतार लाकडाचा हुबेहूब नमुना तयार करतो. ओतारी तो नमुना वाळूत दाबून साचा घडवितो. भट्टीवाला बिडाचा रस नेमका तापवून साच्यात ओततो. ओतीव भाग निवाल्यावर कोणी तो घासतो, कोणी त्याला भोके पाडतो, कोणी सारे भाग जुळवितो आणि अखेरीस रंगारी त्यावर रंग चढवितो. या साखळीतील एकाने हयगय केली, तर बाकी सर्वांचे श्रम वाया जातात. साच्यातील वाळू ओली राहिली, तर ओतीव भागात पोकळी राहते. आणि ती पोकळी शेतकऱ्याला कळते ती ऐन नांगरणीच्या दिवसांत, फाळ तुटल्यावर! अशा कामात केवळ धाक घालून भागत नाही. पाठीमागे कोणी उभा नसतानाही प्रत्येकाने आपले काम चोख करावे, यासाठी त्याला ते काम आपले वाटावे लागते.

म्हणूनच लक्ष्मणरावांनी माणसे निवडताना त्यांच्या पदव्यांपेक्षा त्यांच्या अंगच्या गुणांकडे लक्ष दिले. रामूअण्णांना व्यवस्थेची हौस होती. वसाहतीची आखणी आणि कारभार त्यांनी सांभाळला. शंभूराव जांभेकर हे यंत्रांचे जाणकार होते; पण आग लागो, कोणी आजारी पडो, धावून जाण्यातही तेच पुढे असत. मंगेशराव रेगे यांनी कारकुनीपासून हिशेबापर्यंतची सर्व बाजू सांभाळली. के. के. कुलकर्णी यांचे शालेय शिक्षण अपुरे राहिले होते. तरी अडलेले कोणतेही काम मार्गी लावण्यात त्यांचा हातखंडा होता. अनंतराव फळणीकर यांनी शिक्षण अर्ध्यावर सोडले होते. पण त्यांच्या ठिकाणी विलक्षण कल्पकता होती आणि किर्लोस्करवाडीत ते कुशल यंत्रज्ञ म्हणून नावारूपाला आले. परीक्षेच्या मोजपट्टीने मोजले असते, तर यांतील काहींना कारखान्याच्या दारातूनच परत जावे लागले असते. ज्यांना स्वतःच्या दृष्टीतील उणिवेमुळे एक वाट सोडून दुसरी धरावी लागली होती, त्या लक्ष्मणरावांना माणसाचे एका ठिकाणचे अपयश म्हणजे त्याच्या सर्व शक्तीचा अंत नव्हे, हे अनुभवाने कळले होते.

या विश्वासाची खरी परीक्षा आणखी एका प्रसंगी झाली. नव्या वसाहतीला राखणदारांची गरज होती. त्या कामी लक्ष्मणरावांनी दरोडेखोरीबद्दल शिक्षा भोगलेल्या दोन माणसांची नेमणूक केली. ज्यांच्या नावाने भोवतालचा मुलूख भ्यावा, त्यांच्याच हाती कारखान्याची आणि बायकामुलांची राखण सोपविण्यात आली! हे धाडस अंगलट येण्याचा संभव होता. पण लक्ष्मणरावांनी या माणसांना नोकरी दिली, तशीच प्रतिष्ठाही दिली. आपल्यावर कोणी तरी विसंबून आहे, ही जाणीव त्यांना झाली आणि ते दोघे किर्लोस्करवाडीचे अत्यंत विश्वासू रक्षक ठरले. संशय घेतल्याने माणसाचा चांगुलपणा मावळतो आणि विश्वास ठेवल्याने तो उमलतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

किर्लोस्करवाडीत लक्ष्मणरावांनी आणखी एक नियम कसोशीने पाळला. तेथे अस्पृश्यतेस थारा नव्हता. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, जेव्हा गावोगावी पाणवठे निराळे होते आणि एकाच्या सावलीचाही दुसऱ्यास विटाळ होई, तेव्हा हा नियम करणे म्हणजे समाजाचा रोष ओढवून घेणे होते. पण भट्टीचा ताप सर्वांना सारखाच लागतो आणि ओतीव लोखंड कोणाची जात पाहत नाही. एकत्र राबणाऱ्या माणसांनी एकमेकांना दूर लोटावे, हे लक्ष्मणरावांच्या बुद्धीला पटणारे नव्हते. कामगारांसाठी घरे, मुलांसाठी शाळा, वस्तीत स्वच्छता आणि झाडझाडोरा यांकडेही त्यांचे लक्ष होते. कामावरून घरी परतणारा माणूस समाधानी असेल, तर दुसऱ्या दिवशी कामावर येणारा माणूस उत्साही असतो, हे त्यांनी ओळखले होते.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशातून येणारा माल थांबला आणि त्यामुळे देशी नांगरांना मागणी वाढली. पण त्याच वेळी कच्चे लोखंड, कोळसा आणि रंग मिळेनासे झाले. मागणी आहे आणि माल नाही, अशा पेचात कारखाना सापडला. मिळेल तेथून मोडके लोखंड गोळा करून भट्टी पेटती ठेवावी लागली. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी या कामी आपल्याकडील जुन्या तोफा दिल्या. ज्या तोफांनी एकेकाळी मृत्यू ओकला, त्याच वितळून त्यांचे नांगर झाले आणि त्यांनी शेते पिकविली!

१९२० साली या व्यवसायाचे ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ या कंपनीत रूपांतर झाले. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याच्या मालाची आणि वाडीतील घडामोडींची माहिती देण्यासाठी निघालेले हे छोटेखानी पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून साऱ्या महाराष्ट्रात वाचले जाऊ लागले. ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिके त्यानंतर निघाली. नांगर ओतणाऱ्या गावातून विचारांची पेरणीही होऊ लागली. नव्या कल्पना सुचलेल्या तरुण माणसाला आड न येता मोकळीक देणे, ही लक्ष्मणरावांची रीतच होती.

स्वतःच्या मुलाच्या बाबतीतही त्यांनी हेच केले. ज्येष्ठ पुत्र शंतनुराव यांना त्यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेत यंत्रशास्त्र शिकण्यास पाठविले. १९२६ साली पदवी घेऊन ते परतले आणि किर्लोस्करवाडीच्या कामात रुजू झाले. नांगरांबरोबर आता भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, उसाचे चरक आणि पाणी उपसण्याचे पंप तयार होऊ लागले होते. पुढे १९४१ साली हरिहर येथे लेथ यंत्रे बनविण्याचा, तर १९४६ साली पुणे येथे तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा आणि बंगळूर येथे विजेच्या यंत्रांचा उद्योग उभा राहिला. ही कामे पुढच्या पिढीने पार पाडली. आपल्यावाचून काम चालणार नाही, असे वाटणारे मालक पुष्कळ असतात. आपल्यावाचूनही काम चालावे अशी व्यवस्था करणारे थोडे. लक्ष्मणराव त्या थोड्यांपैकी होते.

त्यांच्या उत्तरायुष्यात एक अत्यंत दुःखद प्रसंग आला. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली आणि त्यानंतर अनेक ठिकाणी दंगली उसळल्या. त्या वणव्यात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावण्यात आली. तीन तपांहून अधिक काळाचे श्रम डोळ्यांदेखत जळाले. लक्ष्मणरावांचे वय तेव्हा ७८ वर्षांचे होते. पण छपरे जळाली तरी कामगारांच्या हातातील कसब जळाले नव्हते, आणि माळावर गाव वसविणाऱ्या लोकांची जिद्दही जळाली नव्हती. राखेचे ढीग उपसले गेले, भट्ट्या पुन्हा पेटल्या आणि कारखाना पुन्हा उभा राहिला. लक्ष्मणरावांनी जन्मभर माणसांवर जे भांडवल खर्चले होते, ते या कसोटीच्या वेळी कामी आले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढून त्यांचा गौरव केला. ज्या आडबाजूच्या स्थानकावर ते १९१० साली उतरले, ते आता किर्लोस्करवाडी याच नावाने ओळखले जाते. तेथून आगगाडी जाते, तेव्हा निवडुंगाचे ते रान कोणाच्या दृष्टीस पडत नाही; दिसतो तो कारखाना आणि त्याभोवती वसलेले गाव.

आजच्या काळात कारखान्यांचे रूप पालटले आहे. संगणक आले, स्वयंचलित यंत्रे आली, हजारो माणसे दूरदूरच्या कचेऱ्यांतून एकाच कामात गुंतलेली असतात. पण माणसाला काम सोपविताना त्याचे गुण ओळखणे, त्याच्यावर विश्वास टाकणे, त्याच्याबरोबर स्वतः कष्ट उपसणे आणि वेळ येताच त्याच्या हाती सूत्रे देऊन बाजूला होणे, या गोष्टी अजून कोणत्याही यंत्राने साधलेल्या नाहीत. शाळेतील लहानशा संघाचा नायक असो की मोठ्या उद्योगाचा चालक, त्याने या गोष्टी लक्ष्मणरावांच्या चरित्रातून अवश्य शिकाव्यात.